मंडईच्या पाहुण्याले चिंचेचं पाणी

बायांनो, आज माह्या नातीचा मले लय अभिमान वाटून राहिला. शाळा कमी शिकली मी, म्हणून मोबाईलमंधी बोलून लिहून राहिली.

आज आमच्या गावची मंडई, दिवाळीनंतरची जत्रा. नात पल्लवी गोंदियाले कॉलेजात शिकते. तिच्या वर्गातले पोरं पाहुणे आले. मी वडे तळले. वडे खरंच मस्त झाले होते, असो. मग माहा लहाना पोरगा, पल्लवीचा काका, त्याइले मोहाची दारू पाजाले घेऊन गेला. मंडईचा पाहुणा कोरडा कसा पाठवावा?

दुपारी त्यातल्या एका पोराले उचलून आणलं. हलवलं तरी उठेच ना. मी म्हटलं, "निजू द्या, दारू उतरते." आन् चिंचेचं पाणी पाजाले बसली. आपण सगळ्या असंच करतो ना!

पल्लवीनं वाटी हिसकली. "आजी, घशात अडकलं तं मरन तो!" तिनं त्याले कुशीवर केलं, दवाखान्याची गाडी बोलावली.

काका खेकसला, "कायले बोभाटा करतं? बदनामी होईल पोराची."

"बदनाम पोरगा घरी जाते, काका. मेलेला जात नाही."

दवाखान्यात डॉक्टर म्हणे, उशीर झाला असता तं श्वास थांबला असता. अजून त्यानं डोळे उघडले नाही. त्याची माय आली. पदरानं त्याचं तोंड पुसत राहिली.

पुढच्या मंडईले आमच्या घरी पाहुण्याले वडे मिळन, दारू नाही. तुमच्या घरी कोण पाजते पोराइले? आन् त्याले थांबवन कोण?