दहाव्या बाईचा हप्ता

माझं शुद्धलेखन चुकतं आणि अक्षरही वेडंवाकडं आहे, त्याबद्दल माफी असावी. कोणाची माफी मागते आहे ते मलाच ठाऊक नाही, कारण ही वही मी कोणाला दाखवणार नाही. मी चौथीपर्यंतच शिकले. नातीच्या जुन्या वहीची मागची पानं कोरी होती, त्यात लिहिते.

दुपारी घरात मी एकटी असते. मुलगी इथे परदेशात, शहराच्या तांजोंग पगार भागात बँकेत हिशेब तपासते, जावई तुआसला कारखान्यात, नात शाळेत. आमचा फ्लॅट बुकित पंजांगला. छोटी एलआरटी गाडी खिडकीसमोरून रुळावरून जाते. ब्लॉकजवळ आली की तिच्या काचा आपोआप पांढऱ्या होतात, लोकांच्या घरात डोकावता येऊ नये म्हणून. आतली माणसं बघता बघता पुसली जातात. पहिल्या दिवशी मी दचकले होते. अजूनही दचकते, पण सांगत नाही.

आमचं गाव राज्याच्या अगदी उत्तरेच्या टोकाला, सातपुड्यात. बोली आमची वेगळी, पण लिहायचं म्हटलं की शाळेतली मराठीच हाताला येते. गावात आंबे पुष्कळ. उन्हाळ्यात कैऱ्या सोलायच्या, फोडी खडकावर वाळवायच्या आणि व्यापारी देईल त्या भावाला विकायच्या. मग सरकारची योजना आली. बायकांच्या बचत गटाला शेड आणि आमचूर दळायचं मशीन. निम्मं अनुदान, निम्मं तालुक्याच्या बँकेचं कर्ज. अट एकच होती, गटात दहा बायका पाहिजेत. आम्ही बरोबर दहा होतो. सही करता येणारी मी एकटी, म्हणून मला अध्यक्ष केलं. मला चार माणसांत बोलता येत नाही, ते कोणी विचारलं नाही.

मशीन यायच्या बारा दिवस आधी माझी धाकटी जाऊ तापाने गेली. तिला शेवटचं हिरवं लुगडं मीच नेसवलं. मागे दीर आणि लहान मुलगी.

दहावी कुठून आणायची? नवीन बाईची सहा महिन्यांची बचत लागते, तोवर योजना दुसऱ्या गावाला गेली असती. बायका माझ्याभोवती बसल्या. एक म्हणाली, "अध्यक्षीणबाई, कागदावर ती आहेच की. कागदाला कुठे ताप येतो?" बाकीच्या हसल्या. मग कोणीच हसलं नाही.

कर्जाच्या कागदावर मी माझी सही केली. तिचा अंगठा लागत होता. बायकांचा उजवा घेतात. मी माझा उजवा अंगठा शाईत बुडवला आणि तिच्या नावापुढे टेकवला.

योजनेचे साहेब शेड बघायला आले तेव्हा आम्ही नऊ जणी ओळीने बसलो होतो. दाराजवळची तिची जागा आम्ही दर बैठकीत मोकळी सोडायचो, तिथे तिचं पासबुक ठेवायचो. त्यात लबाडी नव्हती, आमच्याने तिथे बसवतच नव्हतं. साहेबांनी उभ्या उभ्या बोट फिरवलं. "नऊ, दहा. ठीक आहे," असं म्हणून त्यांनी कागदावर खूण केली. बाहेर आल्यावर एकीने विचारलं, "त्यांनी स्वतःला धरून मोजलं का गं?"

कर्ज गटाचं, पण हप्ता दहा जणींत वाटलेला. तिचा हप्ता आम्ही नऊ जणी थोडा थोडा करून भरायचो. काही वर्षं चांगलं चाललं. मग लागोपाठ दोनदा गारपिटीने मोहोर झडला.

त्याच सुमारास मुलीने मला इकडे बोलावलं. विमानतळावर काचेवर अंगठे टेकवायला सांगतात. माझा डावा लगेच उमटला. उजवा उमटेना. अधिकारी मुलगा सभ्य होता. त्याने काच पुसली, माझा अंगठा कागदाने पुसला, "आंटी, अगेन," म्हणाला. चार वेळा अगेन. पडद्यावर डावीकडे रेषा आणि उजवीकडे नुसता पांढरा डाग. शेवटी त्याने मोठ्या साहेबाला बोलावलं आणि मला सोडलं. मुलगी म्हणाली, "कैऱ्या सोलून रेषा झिजल्या असतील गं." असेल.

इथे आल्यावरही मी बैठकीला फोनवरून बसते. तिकडून कोणीतरी फोन खांबाला टेकवते, शेडमधल्या सगळ्या जणी दिसतात. भाद्रपदातल्या बैठकीत त्यांनी आधी हिशेबाची वही पुढे ओढली. एकीने सांगितलं, "आमचे सगळे फिटले, तिचे शेवटचे पाच हप्ते राहिलेत. आमच्याकडे काही उरलं नाही. बँकेचा साहेब तिला भेटायला घरी येणार आहे." साहेब घरी आला की सगळं उघडं पडणार होतं. सरकारने अनुदान परत मागितलं तर नऊ घरं बुडाली असती, आणि दिराला सगळ्यांत आधी धरलं असतं.

नात माझ्या मांडीवर होती. ती त्या बायकांना हात हलवत मोजत होती. "नाईन आज्या," ती इथल्या पोरांच्या बोलीत म्हणाली.

"आठ आहेत गं राणी."

"नो लाह, नाईन. दाराजवळची ग्रीन साडीवाली वर बघतच नाही."

मी फोन उलटा ठेवला. मला दाराजवळ नुसतं पासबुक दिसत होतं. नातीने माझ्या जावेचा फोटोसुद्धा कधी पाहिलेला नाही.

मुलगी घरी आल्यावर मी तिला सगळं सांगितलं. बोलताना भाजी करपली. ती पर्स खांद्यावर तशीच ठेवून ऐकत राहिली.

"आई, मी दिवसभर ऑफिसात असलेच खोटे कागद शोधते, आणि तू काकूचा अंगठा दिलास?"

"दिला."

"आणि हे आत्ता सांगतेस?"

"तू आत्ताच तर घरी आलीस."

तिला हसू आलं, मग डोळ्यांत पाणी आलं. पाच हप्ते आपण भरू, म्हणाली, पण आधी बँकेला खरं सांगायचं, आणि ते तूच सांगायचं.

दुसऱ्या दिवशी तिने घरूनच काम केलं. दुपारी बँकेला फोन लावला आणि माझ्यासमोर ठेवला. तिने माझा हात धरला.

"साहेब," मी म्हणाले, "आमच्या गटातली दहावी बाई हयात नाही. मशीन यायच्या आधीच गेली. अंगठा माझा आहे." आणि तिचं नाव सांगितलं.

तिकडे कागद उलटल्याचा आवाज आला.

"बाई, चेष्टा करता का? कालच बाजाराच्या दिवशी ती इथे येऊन गेली. पाचही हप्ते एकदम भरले."

"दिसायला कशी होती?"

"पदर पुढे ओढलेला. बोलली काहीच नाही. पण नोटा इतक्या चिकट की कॅशियर अजून हात धुतोय. आंब्याचा चीक! भाद्रपदात कुठला हो चीक?"

मुलीने माझा हात सोडला. मग तीच फोनजवळ वाकली. "साहेब, माझी काकू वारली आहे. दाखला पाठवते, आईची लेखी कबुलीही पाठवते."

"पाठवा," साहेब म्हणाले. आता त्यांचा आवाज लहान झाला होता. "फाईलला लावतो. पण वसूल करायचं काही राहिलेलं नाही."

मी दिराला फोन केला. तो बाजाराला गेलाच नव्हता. त्याची मुलगी आश्रमशाळेत, आठवडाभर बाहेर पडली नव्हती. आठही जणींना मी एकेक करून विचारलं. प्रत्येकीने आपल्या लेकरांची शपथ घेतली. एक रडायला लागली, तेव्हा मी विचारायचं थांबवलं.

कबुली मी माझ्या हाताने लिहिली. मुलीने चुका सुधारल्या नाहीत, तशीच पाठवली. संध्याकाळी बँकेकडून मुलीच्या फोनवर पावतीचा फोटो आला. खालच्या ओळीत गटाचं नाव, पुढे बाकी शून्य, आणि शिक्का. कर्ज पूर्ण फिटलं होतं.