फोटो फुटायची भीती

गोरोबाभाऊंसारखा भित्रा माणूस मी अख्ख्या वाशी गावात दुसरा बघितला नाही. शेतात एकटे झोपतील, सापाला काठीनं बाजूला सारतील. पण कुणी म्हटलं, "हा फोटो जरा मोठा करा," की यांच्या घशाला कोरड. माझं ब्लाउज शिवायचं दुकान आणि त्यांचं फ्लेक्स-रेडियमचं, मध्ये नुसता पत्रा. पलीकडून घटाघटा पाणी प्यायल्याचा आवाज आला की मी समजते, गिऱ्हाइकानं बारका फोटो आणलाय.

आधी ते पेंटर होते. भिंतीवरच्या जाहिराती, ट्रॅक्टरवरची नावं, सगळं ब्रशनं. फ्लेक्स आलं आणि चाळिशी उलटल्यावर बिचारे कॉम्प्युटर शिकले. पहिल्याच लग्नसराईत त्यांनी एका नवरदेवाचा मोबाइलवर आलेला फोटो कमानीएवढा केला. वर चढवल्यावर नाक कुठं अन् मिशी कुठं, नुसते चौकोन. नवरदेवाच्या चुलत्यानं दुकानासमोर येऊन जे ऐकवलं ते मी इथं लिहीत नाही. तेव्हापासून भीती बसली ती बसलीच.

मग त्यांनी एक नियम काढला. फाइल आली की आधी तिची शेपटी बघायची, म्हणजे नावाच्या शेवटी टिंबानंतर येणारी अक्षरं. सीडीआर, एसव्हीजी, ईपीएस दिसलं की त्यांचा जीव भांड्यात पडायचा. ते व्हेक्टर, रेघांचं चित्र, घराएवढं केलं तरी फुटत नाही. जेपीजी, पीएनजी दिसलं की पाण्याचा तांब्या. ते ठिपक्यांचं, रास्टर. मी म्हटलं, म्हणजे एक आमचा कटिंगचा कागद आणि दुसरा जाळीच्या कापडावर भरलेला मोर. कागद कुठल्याही मापाचा काढता येतो, मोर ताणला तर टाकेच दिसणार. "व्हय, तसंच," ते म्हणाले. पीडीएफवर मात्र त्यांचा भरवसा नव्हता. तिच्यात दोन्ही असू शकतं, उघडून बघितल्याशिवाय कळत नाही.

नियमात खोट नव्हती, पण भित्रा माणूस नियमाच्याही पुढं जातो. ठिपक्यांचं चित्र आलं की ते कोरल या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये त्याच्यावरून मशीनकडून रेघा काढून घ्यायचे, ट्रेस म्हणतात त्याला. ते सीडीआर करून ठेवायचे आणि मूळ जेपीजी कॉम्प्युटरमधून, मोबाइलमधून, पार कचऱ्याच्या डब्यातूनही पुसून टाकायचे. चुकून तीच छपाईला गेली तर? दुकानांच्या नावांना आणि चिन्हांना हे खपून गेलं.

मागच्या उन्हाळ्यात पारगावची शिवकन्या आली. तिचे वडील रामकिसन वारून वर्ष होत आलं होतं आणि पुण्यस्मरणाच्या कीर्तनाला मांडवाच्या दारात मोठा फ्लेक्स लावायचा होता. रामकिसन कॅमेरा दिसला की पाठ करणारे. आधार कार्डावर फोटो होता, पण त्या फोटोत ज्याची त्यालाही ओळख पटत नाही. धड असा एकच, नातीच्या बारशात कुणीतरी काढलेला, हसताना. व्हॉट्सअॅपवर या हातातून त्या हातात जाऊन तो नखाएवढा झाला होता. तिनं तो भाऊंना पाठवला आणि पलीकडं तांब्या वाजला.

काही दिवसांनी ती आईला, कस्तुराबाईंना, घेऊन डिझाइन बघायला आली. मीही हातातलं काम टाकून गेले. स्क्रीनवर मोठा चेहरा होता, रेघा कशा धारदार. कस्तुराबाईंनी डोळे बारीक करून बघितलं.

"ह्ये कोन हाय गं?"

"आई, आण्णा हायत की."

"न्हाय. ह्ये त्ये न्हायत."

डोळ्यांच्या जागी दोन काळे डाग होते. हसताना पडणाऱ्या गालावरच्या सुरकुत्या मशीननं कचरा समजून काढून टाकल्या होत्या. कितीही मोठं करा, कुठं फुटलं नसतं, पण आत माणूसच नव्हता.

"काका, तुमी साधाच फोटो लावा," शिवकन्या म्हणाली. "फुटला तर फुटू द्या."

भाऊंनी तांब्याकडं हात नेला.

"तुझ्या मोबाइलात आसंल की," ते म्हणाले.

"माझा बंद पडलाता. दुरुस्तीवाल्यानं समदं उडीवलं. ज्यानं काढलाता त्याचाबी मोबाइल हरवला, बाकीच्यांकडनं तर कवाच पुसला गेलाय. तुमच्याकडं हाय म्हणून तर निवांत व्हते मी."

"म्या पुसला त्यो."

कस्तुराबाईंना उमगलं नाही. "म्हंजी?"

"म्हंजी आता न्हाय."

शिवकन्या भांडली नाही, रडलीही नाही. त्याचीच जास्त भीती वाटली. कस्तुराबाई मागं हात करून स्टूल चाचपू लागल्या. मला मात्र राहवलं नाही. "भाऊ, पुसायच्या आधी इचारायचं तरी! तुमच्या भीतीपायी लोकांचं माणूस गेलं."

भाऊंनी कॉम्प्युटरमधला कचऱ्याचा डबा धुंडाळला, मोबाइल पालथा घातला, जुने पेनड्राइव्ह एकेक करून लावून बघितले. काहीच नाही. शेवटी ते पुन्हा त्याच सीडीआरवर आले. घाईत माउसचं बटण दाबलेलंच राहिलं आणि रेघांचा तो चेहरा घसरून बाजूला गेला. त्याच्याखाली रामकिसन हसत होते.

सीडीआरच्या पोटात जेपीजी. ट्रेस करताना मूळ चित्र ठेवायचं की काढायचं, हे तिथं एका खिडकीत विचारतात म्हणे. भाऊंनी तिकडं कधी लक्षच दिलं नव्हतं. शेपटी सीडीआर, म्हणजे आत फक्त रेघा, असं धरून इतकी वर्षं चालले होते.

सुटलो म्हणतील तर ते भाऊ कसले. "कुनी टेबलाला हात लावू नका, लाईट जाईल," म्हणत त्यांनी तो फोटो शिवकन्येला पाठवला, मला पाठवला, जे पेनड्राइव्ह सापडले त्यांत भरला. मग मोठा करून बघितला. दोन बोटं वाढवला की डोळे चौकोनी व्हायला लागायचे. म्हणून अक्षरं हातभर उंचीची ठेवली आणि फोटो तळहातात मावेल एवढाच.

"लोकांस्नी दिसंल का?" शिवकन्येनं विचारलं.

"जवळ यावं लागंल," भाऊ म्हणाले.

कीर्तनाच्या दिवशी मी भाऊंबरोबर पारगावला गेले. एवढ्या मोठ्या फ्लेक्सवर एवढासा फोटो, म्हणून दोघं-तिघं कुजबुजलेच. भाऊ माझ्यामागं उभे होते. बाईंनी आताही ओळखलं नाही तर, हेच त्यांच्या मनात असणार. माझ्याही होतं. कस्तुराबाई मांडवातून बाहेर आल्या. फ्लेक्सपाशी गेल्या, आणखी जवळ गेल्या, नाक टेकेल इतक्या. भाऊंनी माझा दंड धरला.

कस्तुराबाईंनी गडबडीनं डोक्यावर पदर घेतला आणि नवऱ्यासमोर उभ्या राहायच्या तशा मान खाली घालून उभ्या राहिल्या.