एक दिवा राहू द्या

कोणत्याही खोलीत पाऊल टाकले, की बाई आधी खिडकीचा पडदा बाजूला सारत. "उजेड आधी, चहा नंतर," असे म्हणत. अंबरनाथच्या औद्योगिक वसाहतीतील आमच्या कंपनीत त्या संशोधक होत्या; तिथे याची टिंगल होई. तिथली वीज आणि यंत्रे माझ्या ताब्यात होती. तेव्हा मी सांगतो ते ऐकीव नव्हे.

न भरणाऱ्या जखमांवर लावण्यासाठी बाई कातडीचा थर वाढवीत. थर जाड झाला, की रक्तवाहिन्यांअभावी आतल्या पेशी प्राणवायूवाचून मरत. म्हणून बाई त्यात सूक्ष्म हिरवे शेवाळ मिसळत. दिव्याच्या उजेडात ते आतूनच प्राणवायू पुरवी. "पण काका, अंधारात हेच शेवाळ पेशींच्या तोंडचा प्राणवायूचा घास काढून घेतं," असे त्या मला बजावत. मधुमेहाच्या जखमेने त्यांच्या वडिलांचा पाय गेला होता. ही त्यांची नुसती नोकरी नव्हती.

त्या वर्षी जाड थर प्रथमच जगला. दसऱ्यासाठी बाई दोन दिवस आधीच आईसह दीक्षाभूमीवर गेल्या. थरावरचा दिवा विझवू नका, एवढेच कंपनीच्या मालकांना, शेठना, आणि मला सांगून गेल्या.

खंडेनवमीला आमच्याकडे यंत्रांना झेंडू वाहून मुख्य स्विच बंद करीत. दसरा उलटेपर्यंत कोणी हात लावीत नसे. पूजेनंतर मी म्हणालो, "शेठ, एक दिवा राहू द्या."

"काका, बाईंना आपली पूजा चालत नाही, ते ठाऊक आहे मला. शेवाळाला दोन दिवस उपास घडला तर मरतंय काय?"

सगळे हसले. स्विच शेठनी स्वतः पाडला.

बाई परतल्या तेव्हा थर गढूळ होऊन विरला होता. "काका, उजेड होता ना?" त्यांनी विचारले. मी खरे ते सांगितले.

शेठनी मात्र जगाला सांगितले, की बाई सुटीवर गेल्या म्हणून प्रयोग फसला. काम बंद झाले. बाई उल्हासनगरला, कॅम्प तीनमधल्या एका रक्ततपासणीच्या दुकानात लागल्या, त्या अखेरपर्यंत.

परवा जवळच्याच खरवई गावात त्यांची शोकसभा झाली. "अपयश बाईंनी मनाला लावून घेतलं," शेठ हात जोडून म्हणाले. मी उभा राहिलो. "अपयश कसलं? प्रयोग जगला होता. तुम्ही त्याचा गळा दाबलात."

"काका, आता कशाला?" म्हणत दोघांनी मला खाली बसवले.

प्रोजेक्टरने भिंतीवर बाईंचा फोटो दाखवीत होते. तो स्पष्ट दिसावा म्हणून सगळ्या खिडक्यांचे पडदे ओढून घेतले होते.