मोहाखाली बसलेली म्हैस

"एकटीनं उचलून दाखव, मंग राहू दे घरी. नाई तर रविवारी तो नागपूरचा मानूस येऊन राह्यला गाडी पाहाले."

हे आमचे विलासराव, म्हणजे माझे यजमान, कमरेला पट्टा बांधून पलंगावर पडल्या पडल्या बोलले. पट्टा माझ्यामुळेच लागला होता. वर्ध्याजवळच्या आमच्या सिंदी मेघेच्या घराच्या अंगणात मी गाडी तिसऱ्यांदा पाडली आणि ती उचलताना त्यांची कंबर धरली. माणूस चिडला नव्हता, घाबरला होता. उद्या ही रानात कुठे गाडीखाली सापडली तर कोण आहे तिथे, एवढंच त्यांचं म्हणणं. एकटीनं उचलून दाखवायचंच, असं ठरवून मी दोन दिवसांची बॅग भरली.

गाडीबद्दल आधी सांगते. जुनी, जड, काळी मोटारसायकल, दोनशे किलोच्या आसपास. घरात तिला म्हैस म्हणतात, कारण एकदा बसली की उठत नाही. मी पंचावन्न किलोची, टायपिंगचा क्लास चालवते, दिवसभर पोरींच्या बोटांकडे बघते. या गाडीचा धक-धक आवाज सुरू झाला की माझं डोकं हळूहळू रिकामं होतं. शेतं, पळस, विजेचे खांब, सगळं झोपेत दिसावं तसं बाजूने जातं. चालवताना मी आजवर कधी पडलेली नाही. पडते ती थांबताना, कारण गाडी थांबते आणि मी अजून मागच्या वळणावरच असते.

शुक्रवारी सकाळी निघाले. गेटातून गाडी काढताना विलासराव पट्ट्यासकट धावत आले आणि नेहमीसारखं मागून कॅरिअर धरलं. "सोडा हो," म्हटलं तरी रस्त्याला लागेपर्यंत सोडलं नाही.

वर्धा ते सेलू रस्ता चांगला आहे, डोळे मिटून जाल, पण मिटू नका. सेलूत तर्री-पोहे खाल्ल्याशिवाय पुढे जायचं नाही. पोटभर नाश्ता आणि चहा अगदी स्वस्तात होतो, आणि तर्री वरून आणखी मागितली तर कोणी तोंड वाकडं करत नाही. टाकीही इथेच भरून घ्या, आत पंपाचा भरवसा नाही. मी पोहेवाल्यासमोर थांबले, उजवा पाय टेकवला, तो गिट्टीवर सरकला आणि म्हैस आडवी. मी बाजूला उभी, बरी, शाबूत. मनात म्हटलं, चला, आजच सोक्षमोक्ष. हातमोजे ओढून वाकणार, तेवढ्यात चार बाकांवरचे सात-आठ जण पोह्याच्या प्लेटी ठेवून उठले होते. गाडी उभी. एकाने आरसा पुसला, दुसऱ्याने पेट्रोल सांडलं का ते वाकून पाहिलं.

"अहो, मले उचलायची होती," मी म्हणाले.

"कायले ताई? आमी मेलो का?"

आमच्या भागात पडलेली वस्तू आणि पडलेला माणूस कोणी विचारून उचलत नाही. मी बसून पोहे खाल्ले.

सेलूवरून हिंगणी, मग बोर धरणाच्या बाजूने आतल्या रस्त्यांनी कारंजा घाडगे, असा माझा बेत. हायवेने लवकर पोचता, पण आतून गेलात तर चैत्रातलं रान बघायला मिळतं. रस्ता कुठे गुळगुळीत, कुठे नुसता मुरूम. पळस संपत आलेला, फुलं खाली, झाडं उघडी. धरणाचं पाणी लांबून दिसलं तेव्हा वारा पडला होता आणि पाण्याला काठच नाही असं वाटत होतं. मी बराच वेळ नुसती हळू चालवत राहिले. मनात एकच घोकत होते, की ही गाडी गेली तर हे बघायला मी येईन कशाने? बसने येईन, हो. पण बसमध्ये मला हे दिसेल असं वाटत नाही.

कारंज्यात संध्याकाळी पोचले. हायवेवर ढाब्यांची रांग आहे, ज्याच्यासमोर ट्रक जास्त तिथे शिरायचं, हा जुना नियम आजही चुकत नाही. शेवभाजी झणझणीत, भाकर गरम. आणि हो, ढाब्यासमोरही पाडली. आता विस्तार करत नाही. संत्र्यांचा ट्रक घेऊन चाललेले दोघं "आओ मॅडम, हटो जरा" म्हणेपर्यंत गाडी उभी होती, आणि त्यांनी मला दोन संत्रीही दिली, जणू मीच काही पराक्रम केला होता.

लॉजवर जाऊन फोन केला. विलासरावांनी विचारलं, "पडली?"

"पडली."

"उचलली?"

"लोकं उचलू देतील तेव्हा ना!"

ते हसले. मग म्हणाले, "लोकं आहेत तोवर ठीक हाये वं. मले लोकं नसतात तिथलं भेव वाटते." लॉज साधा पण स्वच्छ होता, तरी मला झोप उशिरा लागली.

शनिवारी पहाटेच परत निघाले, पुन्हा आतल्या रस्त्यानेच. उजाडत होतं. हवेत गोड, थोडा आंबूस, जड वास होता आणि तो प्रत्येक वळणावर वाढत होता. मोह गळत होता. ज्यांनी मोहाची सकाळ पाहिली नाही त्यांना सांगते, फुलं उडत नाहीत, भिरभिरत नाहीत, टप्पकन सरळ खाली येतात. इंजिन बंद केलं की रान टप टप वाजत असतं. मी बंद केलं. समोर रस्त्याला लागूनच एक मोठा मोह होता आणि त्याच्याखालची जागा किती सुरेख! पालापाचोळा नाही, दगड नाही, अंगणासारखी झाडून काढलेली. मला वाटलं, वा, गाडी लावायला इतकी चांगली जागा अख्ख्या जिल्ह्यात नसेल. लावली स्टँडवर, हेल्मेट काढलं, डोळे मिटले आणि वास घेत उभी राहिले.

स्टँड मऊ मातीत आणि राखेत रुतत गेला. मला कळलं तेव्हा म्हैस डाव्या अंगावर निजली होती.

"अवं माय!"

झाडामागून एक म्हातारी उठली. हातात टोपलं, डोक्यावर पदर. मला हायसं वाटलं आणि रागही आला, की आता हीसुद्धा उचलायला येणार. ती आली, गाडीभोवती फिरली आणि कपाळावर हात मारून घेतला.

"इथं गाडी लावाले कोनं सांगतलं तुले? मोह येचाले झाडली ना जागा. दिसत नाई?"

तेव्हा माझी ट्यूब पेटली. पालापाचोळा जाळून, झाडून घेतात ते फुलं स्वच्छ पडावीत आणि वेचायला सोपी जावीत म्हणून. शहाण्या टायपिंगवाल्या बाईने त्याचं पार्किंग केलं होतं. मी माफी मागितली. सोनाबाई, असं तिनं नाव सांगितलं, माफी ऐकायला थांबलीच नाही. परत खाली बसून वेचायला लागली. ऊन चढलं की फूल सुकतं, आणि त्याआधी गुरं आली तर ती खातात, म्हणून तिचे हात एका क्षणालाही मोकळे नव्हते. वेचता वेचता स्वतःशीच तिच्या भाषेत काही म्हणत होती. गोंडी असावी, मला एक शब्द कळला नाही. गाडीकडे तिनं पुन्हा पाहिलंही नाही.

झालं. ज्या क्षणासाठी मी आले होते तो आला होता.

चावी काढून खिशात टाकली. हँडल धरून समोरून ओढून पाहिलं, वीतभर उठली आणि बसली. पुन्हा ओढलं, वीतभरही नाही. तिसऱ्यांदा तर मीच बसले. कपाळावर घाम, पेट्रोलचा वास, मोहाचा वास. खरं सांगते, मी रडले. गाडीसाठी नव्हे, विलासराव बरोबर होते म्हणून. उद्या नागपूरचा माणूस येईल, चावी घेईल आणि मी पुन्हा बोटांकडे बघत बसेन.

"बसलीच हायेस तं येच," सोनाबाई म्हणाली.

मग मी वेचायला लागले. एक एक फूल, फिकट पिवळं, रसाने जड. एक तोंडात टाकलं, गोड. हातांना लय सापडली आणि डोकं तसंच रिकामं झालं जसं गाडीवर होतं. तिथे गाडीची धक-धक, इथे झाडाची टप टप. किती वेळ गेला माहीत नाही. ऊन टोपल्यापर्यंत आलं तेव्हा सोनाबाई म्हणाली, "आता ते उचल. त्याच्याखालचा मोह राह्यला."

'उचल' म्हणाली, 'मी उचलू का' असं नाही. मी उठले. एक चपटा दगड शोधून स्टँडच्या जागी ठेवला. या वेळी गाडीकडे पाठ केली, हँडल पूर्ण वळवून एका हाताने धरलं, दुसरा हात सीटखालच्या नळीला, सीट कमरेखाली घेतली आणि पायांनी मागे रेटायला लागले. उठली. गुडघ्यापर्यंत आली, मांड्यांपर्यंत आली, आणि तिथे माझा दम संपला. आता सोडते, असं मनात आलंच होतं, तेवढ्यात मान वळवून पाहिलं तर सोनाबाईचा हात गाडीखाली.

"मावशी, हात काढा!"

"थांब ना. चांगला मोह हाये."

ती शांतपणे एक एक फूल उचलत होती, जणू मी खांब होते. तो हात वाळलेला, बारीक, त्यावर बांगड्या. सोडणं आता नव्हतंच. मी दात खाल्ले, एक पाऊल मागे, अजून एक, आणि मला आजही कळत नाही कसं, पण वजन अचानक हलकं झालं. म्हैस उभी होती. मी वळले, धरून ठेवली, पायाने स्टँड दगडावर टेकवला. मी एकटीच वेड्यासारखी हसत होते.

सोनाबाईनं वर पाहिलं नाही. शेवटची फुलं वेचली, चिरडलेली बाजूला काढली आणि ती चिरडलेली माझ्या ओंजळीत टाकली. "घे. उद्या येशीन तं रस्त्यावर लावजो."

दुपारी घरी पोचले. विलासराव व्हरांड्यात बसले होते. मी सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "कोनं पाह्यलं?"

"कोणीच नाई. ती होती, तिनं पाह्यलंच नाई."

मी खिशातून फुलं काढली. काळी पडली होती, निम्मा मोह आणि निम्मं पेट्रोल, असा वास. त्यांनी ती हुंगली, तोंड वाकडं केलं, पण टाकली नाहीत. मग नागपूरच्या माणसाला फोन लावून म्हणाले, "येऊ नका भाऊ. गाडी घरीच राहून राह्यली."

पण गाडी आता खरंच माझी राहिली, याची खात्री मला सोमवारी पटली. क्लासला निघाले. गेटाच्या उतारावर गाडी डावीकडे झुकली, चांगलीच झुकली. मी मागे पाहिलं. विलासराव पायरीवर होते. अर्धे उठले, थांबले आणि परत बसले. दोन्ही हातांनी कप घट्ट धरला होता, इतका की चहा बशीत सांडला.

मी पाय टेकवला, सावरलं आणि गेले.