लेकरं न्हाऊ घालणारी रूपाबाई

हिंगोलीत आमच्या गल्लीतलं कोणतंबी चाळिशीचं माणूस धरून आणा, त्याची पहिली अंघोळ रूपाबाईच्या पायावरच झालेली असंल. कोणी पुण्यात मोठ्या हुद्द्यावर असंल, कोणी मोटारीतून हिंडत असंल. रूपाबाईनं त्याला नागडं पाहिलंय, त्यामुळं तिच्यापुढं कोणाचीच ऐट चालत न्हाई.

तवा तिला एका घरातून दुसऱ्या घरात जायला उसंत नसायची. चुलीवर पाणी, निखाऱ्यावर ओवा-वेखंडाची धुरी, आन् पाटावर पाय लांब करून बसलेली रूपाबाई. तिच्या पायावर लेकरू रडायचं थांबतं असं लोक सांगतात. कशाचं काय, लेकरं चांगली बोंबलायची. पण मागून दुपार टळेस्तोवर झोपायची, हे खरं.

मंग पोरं शिकली आन् एकेक करून गेली. गल्लीतले पाळणे माळ्यावर चढले आन् दारादारात काठ्या आल्या. दवाखान्याची नर्सबाई येते, "कोणी गरोदर? तान्हं लेकरू?" विचारते, आमी माना हलवतो, मंग ती बसून सगळ्यांचं बीपी बघते. रूपाबाईनं काम सोडलं न्हाई, फक्त गिऱ्हाईक बदललं. अंथरुणाला खिळलेल्यांना खुर्चीत बसवायचं आन् आपण उभं राहून अंघोळ घालायची. शेजारचे व्यंकटराव त्यातलेच. एके काळी त्यांच्या विश्वजीतला पायावर घेतलं, आता बापाची पाठ चोळून राहिली.

"म्हाताऱ्याच्या अंगाला कितीबी तेल चोळा, बाळसं काय धरत न्हाई," ती म्हणायची. "एक डाव ह्या गल्लीत तान्हं लेकरू माझ्या पायावर येऊ दे. मंग मी मोकळी." ऐकून ऐकून माझे कान किटले होते.

यंदा दिवाळीला विश्वजीतची बायको नीलांबरी तान्ही पोर घेऊन आली. रूपाबाई आधीच दारात हजर. नीलांबरीनं काही आढेवेढे घेतले न्हाईत. "मावशी, यांना तुम्हीच न्हाऊ घातलं ना? मग हिलाही तुम्हीच घाला," म्हणाली.

दुसऱ्या दिवशी रूपाबाईनं घरची हळद आणली, सायीत डाळीचं पीठ कालवलं आन् सकाळपासून सगळ्यांना धारेवर धरलं. व्यंकटरावांच्या आशाबाई घंगाळात पाणी काढून राहिल्या, मी पंचा घेऊन उभी. लेकरू उघडं केलं. रूपाबाई भिंतीला धरून पाटावर बसायला गेली आन् अर्ध्यातच अडकली.

गुडघा वाकेना. पुन्हा बघितलं, तरी न्हाई. उभ्यानं म्हातारी माणसं धुता धुता तिचं खाली बसणंच सुटलं होतं, आन् तिच्या ते ध्यानात आलं नव्हतं. तिनं आशाबाईंकडं पाहिलं. आशाबाईंचे दोन्ही गुडघे ऑपरेशनचे. मंग माझ्याकडं पाहिलं. मला तर सत्यनारायणालाबी खुर्ची लागते. न्हाणीत आमी तिघी जाणत्या बाया, आन् खाली बसणारी एकबी न्हाई. लेकरू गारठून राहिलं होतं. मला रडूच आलं, खोटं काहून सांगू.

"बस तू," रूपाबाई नीलांबरीला म्हणाली. "पाय लांब कर. टाचा जोड."

आमी तिला खुर्ची दिली. तिथून तिनं सगळं शिकवलं. पाणी आधी कोपरानं बघायचं, मान अशी धरायची, नाकातोंडात जाऊ द्यायचं न्हाई. जरा चुकलं की करवादायची. लेकरू बोंबललं, धुरी घेतली, दुपट्यात झोपलं. रूपाबाईचा हात त्याला लागला तो तीट लावण्यापुरता.

घंगाळात पाणी उरलं होतं. लेकराचं उरलेलं पाणी वाया घालायचं न्हाई, बाळंतिणीच्या पाठीवर घ्यायचं, ही रूपाबाईचीच शिस्त. नीलांबरीनं तांब्या भरला.

"थांब," रूपाबाई म्हणाली. तिनं लुगडं गुडघ्याच्या वर सारलं. "आज इकडं घाल. मीबी आता गिऱ्हाईकातच आले."

नीलांबरीनं पाणी कोपरानं बघितलं, आन् मंग घातलं.