दातांत धरलेला पदर

लॅबमध्ये रक्त काढणाऱ्या मावशींचं नाव मला कधीच कळलं नाही, पण त्यांचा आवाज रस्त्यापर्यंत यायचा. "काय ओ पावणं, सुई हाय, तलवार न्हाय! हात सरळ करा की!" इंग्रजी शाळेत हळू बोलायला शिकलेल्या माझी, नाव पुकारलं जाताच छाती धडधडायची.

कॉलेजात असताना माझा चेहरा विनाकारण गोल होत चालला होता. मेंदूतल्या पिट्युटरी ग्रंथीच्या आजारांवर संशोधन करणारे डॉक्टर म्हणाले, "कॉर्टिसॉल, म्हणजे ताणाचं हार्मोन, पुन्हा जास्त आलंय. पण ते नुसत्या भीतीनंही वाढतं. एकदा शांतपणे रक्त घेऊ. तरीही वाढलेलं निघालं, तर मेंदूच्या तपासणीसाठी मुंबईला जा."

पुन्हा रक्त द्यायला गेले त्या दिवशी मावशींनी मला पुकारलंच नाही. खुणेनं आत बोलावलं, हातात सुई बसवून ठेवली आणि रक्त काढण्याआधी माझी भीती उतरेपर्यंत शेजारी स्टुलावर बसून राहिल्या. बाहेर कुणी नंबरावरून भांडू लागलं, तेव्हा दाराशी जाऊन त्या चक्क कुजबुजल्या, "गप बसा की, पोरगी झोपलीया." बोलणं ओठांवर आलं की त्या पदराचं टोक दातांत धरायच्या. मला हसू आलं. मग डोळे मिटले, ते रक्त घेऊन झाल्यावरच उघडले.

रिपोर्ट चांगला आला. सांगायला गेले, तर त्या अख्ख्या लॅबला ऐकू जाईल अशा ओरडल्या, "म्हणलं नव्हतं व्हय, पोरीला काय बी झालं न्हाय!" सगळे माझ्याकडे बघू लागले. त्या दिवशी गिळलेलं सगळं मग त्या बोलत राहिल्या, आणि मी बाकावर बसून ते शेवटपर्यंत ऐकलं.