दगड किती लांब जातो

माझी आई खोटं बोलते, असं कऱ्हाटीच्या पारावर ज्यानं चारचौघांत सांगितलं, त्याला मी माफ केलेलं नाही. करणारही नाही.

तो विहिरींचा ठेकेदार. सुरुंग उडवण्याआधी स्वतः शंभर पावलं मोजायचा, त्यापलीकडं माणसं थांबवायचा आणि "बार हाय रं, बार!" अशी आरोळी ठोकायचा. पंचक्रोशीतल्या विहिरी त्यानंच खोदलेल्या, त्यामुळं त्याची पावलं म्हणजे कायदा. कऱ्हाटीत त्याचा बार उडाला, त्या दिवशी आई दोनशे पावलांवर म्हशीसाठी गवत कापत होती. दगड आला आणि तिचं कोपर फुटलं. "माझा दगड शंभराच्या पुढं जात न्हाय. बांधावरनं पडली आसंल," तो म्हणाला. सगळ्यांनी माना डोलावल्या. तो हात आजही सरळ होत नाही.

मी इंजिनिअरिंगला गेलो तो याच रागापोटी. स्फोटात पसरणारा वायू दगडाला किती वेग देतो, याचं गणित तिथं शिकलो. दारू किती, दगड किती वजनाचा आणि निसटून जाण्याआधी वायू त्याला किती वेळ ढकलतो, यावर सगळं ठरतं. हा पठ्ठ्या दारू भरलेल्या छिद्राच्या तोंडाशी माती ठासायचाच नाही, घाईत नुसती भुकटी लोटायचा. मग वायू तोंडातूनच उसळतो आणि काठावरचे लहान दगड भिरकावून देतो. माझं उत्तर आलं अडीचशे पावलं. तीनदा तपासलं, कारण मला तेच हवं होतं.

गेल्या उन्हाळ्यात बावड्याच्या एका शेतकऱ्यानं सुरक्षित अंतर सांगायला मला विहिरीवर बोलावलं. काम त्याच ठेकेदाराचं. त्यानं मला ओळखलं नाही. अडीचशे ऐकून हसला.

"सायेब, कागदावर दगड उडत न्हाय."

"मग तात्या, तुमी शंभरावर उभं ऱ्हावा. आमी अडीचशेच्या पुढं जातो."

तो तोऱ्यात निघाला. शंभरावर थांबला, वळून छिद्रांकडं बघितलं आणि पुन्हा चालू लागला. मी मोठ्यानं मोजत होतो. दीडशे. दोनशे. लाज वाटायला हवी होती, पण मला मजा वाटत होती. अडीचशेच्याही पुढं जाऊन तो एका लिंबाआड उभा राहिला.

बार उडवणाऱ्या माणसाला मी थांबवलं आणि सगळ्यांदेखत म्हणालो, "कऱ्हाटीची बाई तुमच्या कितीतरी अलीकडं व्हती, तात्या. ती माझी आई."

त्याचा चेहरा उतरला. "चुकलं माझं," तो पुटपुटला.

"मला कशाला सांगताय? गाडीवर बसा. पारावर जाऊ, आन् तितं मोठ्यांदा सांगा."